सीएच्या अभ्यासाला काय घ्यावं, काय दुकानातच राहू द्यावं

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात, पुस्तकांच्या बाजारात, सीएच्या पुस्तकांचा ढीग समोर आला की नवी मुलंमुली आणि सोबत आलेले आईवडील दोघंही भांबावतात. एकेका विषयाला मॉड्यूल (आयसीएआय या सीएंच्या संस्थेचं अभ्यासपुस्तक), क्लासच्या नोट्स, प्रश्नसंच, चार्टबुक, शिवाय एमसीक्यूचं, म्हणजे पर्यायी प्रश्नांचं, वेगळं पुस्तक. इंटरच्या (फाउंडेशन आणि फायनलच्या मधल्या पायरीच्या) सहा पेपरांना हाच हिशेब लावला तर कपाट भरतं, पण उजळणी एकाचीही पुरी होत नाही. शिकवणाऱ्यांनी, पास झालेल्यांनी, आर्टिकल्सचा, म्हणजे सीएकडे उमेदवारी करणाऱ्या मुलांचा, अभ्यास जवळून बघणाऱ्यांनी आपापल्या टोपणनावाने या धाग्यावर लिहावं. कोणत्या पेपरला काय पुरतं, काय वाया जातं आणि का, एवढं नेमकं सांगा.

खतावणी

मुखपृष्ठ सोडा, आधी आतलं पान उघडून ते पुस्तक कोणत्या अटेम्प्टसाठी (कोणत्या महिन्याच्या परीक्षेसाठी) आहे ते बघा. मे २०२४ पासून इंटर आणि फायनल नव्या योजनेत गेलं आणि दोन्हीकडे आठाचे सहा पेपर झाले. इंटरमधून ईआयएस (माहिती प्रणालीचा विषय) गेला, एफएमच्या (वित्तीय व्यवस्थापनाच्या) जोडीचं अर्थशास्त्र गेलं आणि त्याच्या जागी स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट आलं. जुन्या योजनेचे संच अजूनही स्वस्तात मिळतात. ते घेऊ नका.

करांच्या बाबतीत तर योजना नवी असूनही पुस्तक शिळं निघू शकतं. प्राप्तिकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला. त्यात कलमांची मांडणीच बदलली आहे, त्यामुळे १९६१ च्या कायद्यातली पाठ केलेली कलमं तिथे जुळत नाहीत. जीएसटीचे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून बदलले. तुमच्या अटेम्प्टला कोणता कायदा आणि कोणत्या तारखेपर्यंतच्या अधिसूचना लागू आहेत, ते आयसीएआयच्या संकेतस्थळावर बोर्ड ऑफ स्टडीजच्या सूचनेत मिळतं. ती सूचना छापून दुकानात सोबत न्या. मग पुस्तक घ्यायचं की नाही, ते तिथल्या तिथे ठरतं.

सेकंडहँड घ्यायचंच असेल तर नव्या योजनेतलं कॉस्टिंग आणि एफएम चालेल. कर, लॉ आणि ऑडिट कोरंच घ्या.

सहकारनगर

लॉ आणि ऑडिटला संस्थेचं मॉड्यूल हाच पाया ठेवा, हे मी आग्रहाने सांगेन. पीडीएफ फुकट आहे. क्लासच्या नोट्समध्ये वाक्यं सोपी केलेली असतात. समजायला ती बरी, पण उत्तरात नेमके तेच शब्द गळतात ज्यांना गुण असतात. म्हणून नोट्सवरून समजून घ्या आणि लिहिताना मॉड्यूलची भाषा वापरा.

लॉच्या उत्तराचे तीन परिच्छेद करा: आधी तरतूद, मग ती दिलेल्या प्रसंगाला कशी लागते ते, आणि शेवटी निष्कर्ष. कलमाचा आकडा पक्का आठवत नसेल तर ठोकून देऊ नका. ‘कंपनी कायदा, २०१३ च्या तरतुदींनुसार’ एवढं लिहिलं तरी भागतं, चुकीचा आकडा मात्र डोळ्यांत खुपतो. ऑडिटमध्ये एसए ७००, ७०५, ७०६ (ऑडिट अहवालाची मानकं) एका बैठकीत वाचा. वेगवेगळ्या दिवशी वाचले की क्वालिफाइड ओपिनियन (आक्षेप नोंदवून दिलेलं मत) आणि एम्फसिस ऑफ मॅटर (मत न बदलता एखाद्या मुद्द्याकडे वेधलेलं लक्ष) यांची सरमिसळ हमखास होते.

प्रश्नसंच विकत घेताना प्रत्येक प्रश्नाखाली तो कुठून घेतलाय (आरटीपी म्हणजे संस्थेचा उजळणीसंच, एमटीपी म्हणजे संस्थेचे सराव परीक्षेचे पेपर, की मागची परीक्षा) हे छापलंय का बघा. नसेल तर परत ठेवा.

जमाखर्च

कॉस्टिंग आणि अकाउंट्सला दोन प्रश्नसंच घेणारे बरेच जण दिसतात. दोन्हींत निम्म्याहून जास्त गणितं तीच असतात, कारण दोघांचाही मूळ साठा आयसीएआयचाच. एकच संच घ्या आणि तो तीनदा सोडवा. पहिल्या फेरीत सगळी गणितं. अडलेल्यांपुढे पेन्सिलीने खूण करा, दुसऱ्या फेरीत फक्त खुणेची घ्या. तिसऱ्या फेरीत उत्तर पूर्ण न लिहिता पायऱ्या आणि वर्किंग नोट्सची मांडणी तेवढी करा. वर्किंग नोट्स हा उत्तराचाच भाग असतो, त्या समासात खरडल्या तर पायऱ्यांचे गुण जातात.

आणखी एक: सोडवलेलं उत्तर ‘वाचणं’ म्हणजे सराव नव्हे. प्रोसेस कॉस्टिंगमध्ये ॲबनॉर्मल लॉसचं (नेहमीपेक्षा जास्त झालेल्या घटीचं) मूल्य कसं आलं हे वाचताना पटतं, पण कोऱ्या कागदावर हात अडतो.

कसबापेठी

चार्टबुक पहिल्या वाचनाआधी घेऊ नका. न वाचलेल्या धड्याचा तक्ता पाठ होतो, समजत नाही.

दुपारी दोन

लेक्चर्स विकत घेण्याआधी तासांचा हिशेब करा. एका विषयाचे १६० तास असतील तर सव्वापट वेगानेही १२८ तास होतात. रोज तीन तास दिले तरी नुसतं बघण्यात सुमारे ४३ दिवस गेले, आणि सोडवायला साधारण तितकाच वेळ वेगळा. व्हॅलिडिटी किती महिने, व्ह्यूज किती, फक्त विंडोजवर चालतं का, कायद्यातले बदल त्याच पैशांत मिळतात का, हे चार प्रश्न लेखी विचारा. संस्थेचे ऑनलाइन वर्ग फुकट आहेत. आधी त्यातले दोन-तीन बघा, मग गरज वाटली तर पैसे भरा.

आरटीपी शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. बरेच जण त्याला नुसता सरावसंच समजतात, पण करांच्या आरटीपीत त्या अटेम्प्टला लागू असलेले बदलही दिलेले असतात. एमटीपीच्या दोन मालिका असतात. त्या दुपारी दोन ते पाच, घड्याळ लावून लिहा. इंटरला ३० गुण एमसीक्यूचे आणि निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा ठेवू नका. फाउंडेशनच्या तिसऱ्या-चौथ्या पेपरात मात्र चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो, तिथे अंदाज आवरा.

टॅगवाली

फायनलच्या सहाव्या पेपरबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. चार तास, ओपन बुक, म्हणजे पुस्तकं बघून लिहायचा. म्हणून काही जण पिशवीभर पुस्तकं नेतात आणि शोधण्यातच वेळ घालवतात. एफआर (वित्तीय अहवाल), एएफएम (प्रगत वित्तीय व्यवस्थापन), ऑडिट, दोन्ही कर अशा प्रत्येक विषयाला एक रंग ठरवा आणि त्या रंगाच्या चिकटपट्ट्या लावा. प्रत्येक गठ्ठ्याच्या वर हाताने लिहिलेली एक पानी अनुक्रमणिका ठेवा: मुद्दा आणि पान क्रमांक, बास. स्पायरल बाइंडिंग करताना एका गठ्ठ्यात शंभर-सव्वाशे कागदच घाला, जाड केला की पानं कडेला फाटतात. घरी केस स्टडी सोडवताना हेच गठ्ठे वापरा. जे पान सरावात एकदाही उघडलं नाही, ते परीक्षेला नेऊ नका.

धागाकर्ती

मराठी माध्यमातून आलेल्यांनी काय करावं? निरोपात हा प्रश्न तिघांनी विचारलाय.

सहकारनगर

ताई, परीक्षा इंग्रजी किंवा हिंदीत देता येते, मराठीत नाही. आर्टिकलशिपचं सगळं काम इंग्रजीत असतं, म्हणून मी इंग्रजीच सुचवेन. त्यांनी पुस्तकं वाढवू नयेत. मॉड्यूलचा एक धडा मोठ्याने वाचायचा, पुस्तक मिटून मराठीत कुणालातरी समजावायचा, आणि त्याच दिवशी त्यावरची दोन उत्तरं इंग्रजीत लिहायची. सुरुवात फाउंडेशनच्या बिझनेस लॉपासून करावी. त्यात वाक्यं लांबलचक असतात आणि उत्तरं लिहावी लागतात, म्हणजे इंटरच्या लॉची तयारी तिथेच सुरू होते.