लॅपटॉपची हार्ड डिस्क निकामी होत आहे : ओव्यांची ध्वनिमुद्रणे कशी वाचवावीत?

संशोधक_सातारा :

नमस्कार. मी जात्यावरच्या ओव्यांवर पीएच.डी.चे काम करीत आहे. सातारा जिल्ह्यातील गावांत जाऊन केलेली ध्वनिमुद्रणे, त्यांच्या टंकलिखित संहिता आणि छायाचित्रे मिळून सुमारे ९० जीबीचा संग्रह माझ्या जुन्या लॅपटॉपवर आहे. त्यातील २.५ इंची, १ टीबीची डिस्क फिरत्या तबकडीची आहे. गेल्या काही दिवसांपासून विंडोज सुरू व्हायला फार वेळ लागतो, टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा वापर सतत १०० टक्के दिसतो आणि काही फाइलींची प्रत काढताना ‘सायक्लिक रिडंडन्सी चेक’ अशी चूक दाखवून काम थांबते. डिस्कची प्रकृती दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या साधनामध्ये पिवळ्या रंगात ‘कॉशन’ असे दिसते आणि सी५ या ओळीपुढे १६८ हा आकडा आहे. टकटक असा आवाज मात्र येत नाही.

दुरुस्तीच्या दुकानात चेकडिस्क हे विंडोजचे डिस्क तपासून दुरुस्त करणारे साधन चालवून पाहा, नाहीतर फॉरमॅट करा, असे सांगण्यात आले. एका नातेवाइकांनी डिस्क काही तास फ्रीजरमध्ये ठेवण्यास सुचविले आहे. ज्यांच्या ओव्या मुद्रित केल्या त्यांपैकी काही आजी आज हयात नाहीत, त्यामुळे हे काम पुन्हा करता येण्यासारखे नाही. नेमके काय करावे आणि काय करू नये, हे कृपया सांगावे.

डिस्कदुरुस्ती_पुणे :

ताई, सर्वांत आधी लॅपटॉप बंद करा, आणि प्रती काढण्याची पूर्ण तयारी होईपर्यंत तो पुन्हा सुरू करू नका. विंडोज चालू असताना तुम्ही काहीही करीत नसलात तरी मागे शोधसूची, अद्ययावतीकरण आणि व्हायरस तपासणी चालू असते, आणि त्या प्रत्येक वाचन-लेखनाचा भार आजारी डिस्कवर पडतो.

तुम्ही दिलेला आकडा नीट समजून घ्या. क्रिस्टलडिस्कइन्फो मूळ आकडे सोळाच्या पायावर दाखवते, म्हणून तेथील १६८ म्हणजे आपल्या नेहमीच्या मोजणीत ३६०. सी५ ही ओळ ज्यांचे वाचन अयशस्वी झाले आणि ज्यांच्याबद्दल डिस्कने अजून निर्णय घेतलेला नाही अशा सेक्टरांची, म्हणजे डिस्कवरील साठवणीच्या लहान कप्प्यांची, असते. निर्णय होऊन ज्यांच्या जागी राखीव सेक्टर वापरले गेले, त्यांची संख्या ०५ या ओळीत येते. हा निर्णय डिस्क सहसा त्या जागी नव्याने काही लिहिले जाते तेव्हा घेते. संपूर्ण फॉरमॅट केल्यावर सी५ पुष्कळदा शून्यावर येतो आणि डिस्क ‘सुधारल्यासारखी’ दिसते ती याच कारणाने : सेक्टर बदलले गेलेले असतात, पण त्यांतील मजकूर कायमचा गेलेला असतो. दुकानातला सल्ला डिस्क पुन्हा वापरात आणण्यासाठी आहे, तुमच्या ओव्या वाचवण्यासाठी नाही. चेकडिस्कचेही तसेच. ते खराब भाग पुन्हा पुन्हा वाचायला लावते आणि शिवाय फाइलींच्या नोंदींत बदल लिहिते, म्हणून ते चालवायचे असेल तर डिस्कच्या प्रतिमेच्या (संपूर्ण डिस्कच्या हुबेहूब नकलेच्या) प्रतीवर चालवावे, मूळ डिस्कवर कधीही नाही.

फ्रीजरचा विचार पूर्णपणे सोडून द्या. वाचणारे हेड तबकडीपासून अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवरून जाते. थंड डिस्क बाहेर काढल्यावर तिच्यावर दव साचते, आणि त्या अवस्थेत ती फिरवली तर आज वाचता येणारा भागही खरवडला जाऊ शकतो.

टकटक नाही ही आशादायक गोष्ट आहे. तो आवाज सुरू झाला तर त्याच क्षणी वीज तोडा, कारण तेव्हा हेड नादुरुस्त असण्याचा संभव मोठा असतो आणि ते काम धूळमुक्त कक्ष असलेल्या प्रयोगशाळेचेच आहे. मात्र वेळ दवडू नका. गूगलने २००७ साली आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक आढळलेल्या डिस्का पुढील ६० दिवसांत बंद पडण्याचा संभव निर्दोष डिस्कांच्या ३९ पट आढळला. त्याच अभ्यासात बंद पडलेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनी डिस्क स्वतःच्या प्रकृतीविषयी नोंदवते त्यांतील महत्त्वाच्या चार निर्देशांकांपैकी एकातही आधी इशारा दिलेला नव्हता. तुमच्या डिस्कने इशारा दिला आहे, तेवढी सवड तरी मिळाली आहे.

लिनक्स_मार्गदर्शक :

वरील सर्व म्हणण्याशी मी सहमत आहे. प्रत्यक्ष कृती अशी करावी, असे सुचवतो.

किमान २ टीबीची नवी बाह्य डिस्क घ्या आणि ती एनटीएफएस किंवा एक्स्ट४ पद्धतीने तयार करा. फॅट३२ नको, कारण तीत ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. दुसऱ्या संगणकावर सिस्टमरेस्क्यूचा, म्हणजे विंडोजशिवाय थेट पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्सचा, पेनड्राइव्ह बनवा. जुनी डिस्क लॅपटॉपमधून काढून साटा-यूएसबी जोडणीने लावता आली तर उत्तम, कारण ती उघड्यावर थंड राहते. बिटलॉकर (विंडोजचे डिस्क कुलूपबंद करणारे साधन) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधीच मिळवून ठेवा.

एरवी मी आधी संपूर्ण डिस्कची प्रतिमा घ्यावी असेच सांगतो. पण १ टीबीपैकी तुमच्या अमूल्य फाइली ९० जीबीच आहेत आणि डिस्क अजून वाचता येते, म्हणून मी क्रम उलटा ठेवीन : डिस्कवरील फाइलींचे विभाजन (पार्टिशन) केवळ-वाचन पद्धतीने जोडावे, ध्वनिमुद्रणांचा फोल्डर आधी उतरवून घ्यावा, आणि एखादी फाइल अडली की तिच्यामागे न लागता पुढे जावे. त्यानंतर विभाजन विलग करून जीएनयू डीडीरेस्क्यूने पूर्ण प्रतिमा घ्यावी. हे साधन पहिल्या फेरीत सहज वाचता येणारा भाग घेते, अडलेला भाग ओलांडून पुढे जाते आणि काय मिळाले, काय राहिले याची नोंद एका नकाशा-फाइलमध्ये ठेवते. ती नोंद सांभाळली तर काम मध्येच थांबवून, डिस्क निवू देऊन, तेथूनच पुढे सुरू करता येते. खराब भागावरचे पुनःप्रयत्न अगदी शेवटी करावेत. आज्ञा देताना मूळ डिस्क आणि नवी डिस्क यांची अदलाबदल झाली तर मूळ डिस्कवरचा सर्व मजकूर पुसला जाईल, तेव्हा दोन्हींचे आकारमान आणि मॉडेल यादीत पाहूनच आज्ञा द्या.

निरोगी डिस्क सेकंदाला १०० एमबी या वेगाने तीन तासांच्या आत वाचून होते, तुमच्या डिस्कला कदाचित काही दिवस लागतील. त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

संशोधक_सातारा :

दोघांचेही मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे काम केले. बहुतेक संग्रह सुखरूप उतरला आहे आणि प्रतिमाही घेऊन झाली, पण काही सेक्टर शेवटपर्यंत वाचता आले नाहीत. ज्या थोड्या फाइली अडल्या होत्या त्या डब्ल्यूएव्ही स्वरूपातील आहेत. त्या गेल्या असे समजावे का? फोटोरेक या हरवलेल्या फाइली शोधणाऱ्या साधनाने शोध घेतला तर उपयोग होईल का?

डिस्कदुरुस्ती_पुणे :

गेल्या असे मुळीच समजू नका. डब्ल्यूएव्हीमध्ये ध्वनी दाबून न भरता सलग लिहिलेला असतो. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ मुद्रणात एका सेकंदाला १,७६,४०० बाइट लागतात, म्हणजे ४०९६ बाइटांचा एक सेक्टर गेला तर सुमारे २३ मिलिसेकंदांचा आवाज जातो. प्रतिमेत ती जागा शून्यांनी भरलेली राहते आणि ऐकताना तेथे फार तर बारीकसा खंड जाणवतो. ओवीचा शब्दही सहसा तुटत नाही. हेच नुकसान झिप किंवा डॉक्स फाइलीत झाले असते तर ती उघडलीच नसती. म्हणून अडलेल्या फाइली मूळ डिस्कवरून पुन्हा मागू नका, प्रतिमेतून काढा. एखाद्या फाइलीचा प्रारंभीचा भागच गेला असेल आणि ती उघडत नसेल, तर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या साधनात ‘रॉ डेटा’ म्हणून आयात करून वर दिलेली परिमाणे भरा.

फोटोरेक हा अगदी शेवटचा उपाय आहे. ते मजकुराच्या ठेवणीवरून फाइली ओळखते, त्यांची नावे आणि फोल्डर मात्र परत देत नाही. तुमच्या फाइलींच्या नावांतच गाव, गायिका आणि तारीख असेल, तर ती माहिती गेल्यावर उरलेल्या आवाजाचे संशोधनमूल्य किती घटेल, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता.

अक्षरजुळणी_कोल्हापूर :

एक गोष्ट कोणी विचारली नाही, म्हणून लिहितो. आपल्या जुन्या संहिता श्रीलिपीसारख्या युनिकोड (सर्व संगणकांवर सारखी चालणारी अक्षरसंकेत पद्धत) नसलेल्या फॉन्टात टंकलेल्या असतील, तर केवळ दस्तऐवज उतरवून भागणार नाही. त्या फाइलींत अक्षरांच्या जागी त्या विशिष्ट फॉन्टचे संकेत असतात आणि तो फॉन्ट नव्या संगणकावर नसला तर रोमन अक्षरे आणि चिन्हांची निरर्थक सरमिसळ दिसते. प्रतिमेतील विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून ते सर्व फॉन्ट काढून संहितांशेजारी ठेवा, आणि नंतर सवडीने परिवर्तकाच्या साहाय्याने मजकूर युनिकोडमध्ये आणा. परिवर्तनात रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरे हमखास बिघडतात, आणि ओव्यांत बोलीतील रूपे असल्यामुळे शुद्धलेखन तपासणारे साधन तेथे उपयोगाचे नाही. प्रत्येक ओवी ध्वनिमुद्रण ऐकत ताडून पाहावी लागेल, म्हणून ते होईपर्यंत मूळ फाइली आणि फॉन्ट दोन्ही दोन वेगवेगळ्या डिस्कांवर ठेवा, आणि त्यांतील एक डिस्क घराबाहेर, शक्य असल्यास आपल्या विभागात राहू द्या.