मदत हवी आहे: ओव्हरलॉक मशीन तीन धाग्यांचे घ्यावे की चार?

नमस्कार. गेली सहा वर्षे मी घरच्या पायमशिनवर कुर्ते, परकर आणि नात्यातल्या बाळंतविड्यांसाठी झबली शिवते. कडांचे धागे सुटू नयेत म्हणून मात्र कपडे पिको-फॉलच्या दुकानात इंटरलॉकला (म्हणजे ओव्हरलॉकलाच) द्यावे लागतात, आणि लग्नसराईत ते चार-चार दिवस परत मिळत नाहीत. म्हणून स्वतःचेच ओव्हरलॉक मशीन घ्यायचे ठरवले आहे.

एक पर्याय म्हणजे दुकानदार ज्याला 'बेबी ओव्हरलॉक' म्हणतात ते लहान लोखंडी मशीन. त्याला एक सुई आणि तीन धागे असतात. ते दणकट असून दुरुस्त करणारा कारागीरही गावातच आहे. दुसरे दोन सुया व चार धाग्यांचे, डिफरन्शियल फीड (कापड सरकवणाऱ्या दात्यांच्या दोन संचांचा वेग वेगळा ठेवण्याची सोय) असलेले घरगुती मशीन. त्याची किंमत मी घरात अजून सांगितलेली नाही. झबल्यांसाठी आता होजिअरीचे कापड मागतात. मावशींच्या तीन धाग्यांच्या मशिनवर ते शिवले, तेव्हा गळ्याची कड ताणली जाऊन झालरीसारखी लहरी झाली. हा दोष माझ्या हाताचा की मशिनचा?

दुसरी अडचण अशी की, खालच्या लूपरचा (सुईच्या धाग्यात दुसरा धागा गुंफणाऱ्या आकड्याचा) धागा तुटल्यावर मी तेवढाच पुन्हा ओवते, तर तीन-चार टाक्यांनंतर तो पुन्हा तुटतो. एका दुपारी असे सात वेळा झाले. जे टाके पडले, त्यांतही वरच्या लूपरचा धागा कडेवरून वळून कापडाच्या उलट बाजूस गेलेला दिसतो. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

ताई, धागा तुटतो तो ओवण्याच्या क्रमामुळे. सुईचा धागा आधीच खाली उतरलेला असताना लूपर ओवला, तर दोन्ही धागे एकमेकांत अडकतात. म्हणून आधी सुई रिकामी करावी, मग लूपर ओवावा आणि सुई सर्वांत शेवटी ओवावी. उलट बाजूस वळणाऱ्या धाग्यासाठी वरच्या लूपरचा ताण थोडा वाढवावा, किंवा खालच्याचा कमी करावा. दोन्ही धागे बरोबर कडेवर भेटले पाहिजेत. सरावासाठी प्रत्येक ठिकाणी वेगळ्या रंगाचा दोरा लावल्यास कोणता धागा चुकतो ते लगेच कळते. टाचण्या मात्र कड कापणाऱ्या पात्याच्या वाटेत ठेवू नयेत.

लहरी कडेचा दोष आपला नाही. डिफरन्शियल फीडमध्ये पुढचे दाते मागच्यांपेक्षा जास्त कापड ओढतात, त्यामुळे कड ताणली जात नाही. होजिअरीला या फीडचा आकडा १.५ वर ठेवून सुरुवात करावी आणि चिंधीवर तपासावे. केवळ सुती काम असते, तर मी लोखंडी मशीनच सुचवले असते. झबली शिवायची असतील, तर चार धाग्यांचे घ्यावे. नको तेव्हा एक सुई काढून त्यावर तीन धाग्यांचा टाकाही घालता येतो.

मूळ प्रश्नकर्ती:

आभारी आहे. आज सुई शेवटी ओवली आणि परकराची पूर्ण कड धागा न तुटता झाली. किंमत आज रात्री घरात सांगते.