मेळ्यात गाडी घेताना सवलत कुठे गळते?

ग्वाल्हेरचा व्यापार मेळा जवळ आला की घरोघरी एकच खल: गाडी आत्ता घ्यायची की मेळ्यापर्यंत थांबायचं? मेळ्यातली 50 टक्के सवलत खरी आहे, पण ती खिशात पडेपर्यंत कितीशी उरते? ज्यांना या व्यवहारातलं कळतं त्यांनी नेमकं लिहा, वर आपल्या भागाचं नाव टाकून. गाऱ्हाणी थोडी, कागद आणि आकडे जास्त. स्वप्नातल्या गाडीबद्दलही लिहा, पण हिशेबासकट.

लश्कर

आधी एक स्पष्ट करू. 50 टक्के सवलत रोड टॅक्सवर असते, गाडीच्या किमतीवर नाही. टॅक्स 80 हजार बसत असेल तर वाचतात 40 हजार. तेही सरकारची त्या वर्षीची अधिसूचना निघाल्यावर, विक्री मेळ्याच्या मुदतीत झाली आणि नोंदणी ग्वाल्हेर आरटीओतून झाली तरच. बुकिंग म्हणजे विक्री नव्हे. वेटिंगवाल्या मॉडेलला लोक इथेच फसतात: पैसे मेळ्यात भरलेले, गाडी येते मेळा उठल्यावर, आणि टॅक्स पूर्ण. म्हणून चॅसिस नंबर मिळाला का, हे आधी विचारा. नसेल तर "मुदतीत डिलिव्हरी न झाल्यास पूर्ण रक्कम परत" हे बुकिंग फॉर्मवर शिक्क्यासह लिहून घ्या. सेल्समनच्या व्हॉट्सअ‍ॅपवर विसंबू नका.

मुरार

लश्करवाल्या दादांनी मुदतीचं सांगितलं, मी मालाचं सांगते. मेळा ऐन जानेवारीच्या सुमारास, म्हणजे यार्डात गेल्या वर्षीच्या गाड्या उभ्या. टॅक्स वाचल्याच्या आनंदात बनावटीचं साल कुणी बघत नाही. 1905 साली हा मेळा गुरांच्या बाजारातून सुरू झाला. बैलाचं वय दातांवरून कळायचं, गाडीचं चॅसिस नंबरावरून कळतं. 17 अक्षरी नंबरात साल-महिन्याचा कोड असतो, मात्र त्याची जागा कंपनीगणिक वेगळी. आरसीवर बनावटीचा महिना छापला जातो आणि विकताना भाव त्यावरूनच ठरतो. डिसेंबरची गाडी जानेवारीत घ्यायला हरकत नाही, पण जुन्या सालाची सूट शोरूमकडून वेगळी मागा. टॅक्सची सवलत सरकारची आहे, त्यात त्यांचं काही जात नाही.

तपासणी नोंदणीआधी, दिवसाउजेडी करा. टायरवरचे चार आकडे वाचा: 3525 म्हणजे 2025 चा 35वा आठवडा. पाचही टायर बघा, स्टेपनीसकट. बॅटरीची तारीख, बॉनेटखाली उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, बंपरच्या कडेचा रंग, दोन्ही किल्ल्या, जॅक-पाना. नंबर पडला की गाडी तुमच्या नावावर. मग बदलून मागणं फार अवघड.

थाटीपूर

वाचलेले 40 हजार कुठे जातात ते कोटेशनमध्येच दिसतं. "हँडलिंग", "लॉजिस्टिक" ही ओळ सरळ काढायला सांगा. "सक्तीचं" अ‍ॅक्सेसरी किट सक्तीचं नसतं. विमा शोरूमकडूनच घ्यावा असाही नियम नाही. नव्या कारला 3 वर्षांचा थर्ड पार्टी विमा बंधनकारक, ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, 1 वर्षाचा घेतला तरी चालतो. बाहेरचं कोटेशन आणताना आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, तोच ठेवा. नव्या गाडीला तो एक्स-शोरूमच्या 95 टक्के असतो. प्रीमियम स्वस्त दाखवायचा तर आधी हाच आकडा खाली सरकवतात.

10 लाखांवरच्या गाडीला 1 टक्का टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने गोळा केलेला आयकर, लागतो. तो मात्र खर्च नाही, आयकर रिटर्नमध्ये वळता होतो. बिलावर पॅन बरोबर आहे ना, एवढं पाहा.

दौलतगंज

कर्जावर थोडक्यात. "फक्त 6 टक्के" म्हटलं की फ्लॅट (शेवटपर्यंत पूर्ण रकमेवर व्याज) का रिड्यूसिंग (उरलेल्या मुद्दलावर व्याज), विचारा. 8 लाखांवर 5 वर्षं 6 टक्के फ्लॅट म्हणजे व्याज 2 लाख 40 हजार, हप्ता 17,333. रिड्यूसिंगने तोच दर 10.8 च्या आसपास पडतो. 6 टक्के रिड्यूसिंग समजून चाळीस हजार वाचवायला निघालेला माणूस इथे त्याच्या दुपटीहून जास्त सोडून येतो.

हजिरा

जुनी घेणाऱ्यांसाठी: दिल्लीत 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर एनजीटीने (राष्ट्रीय हरित लवाद) बंधन आणल्यापासून तिकडच्या स्वस्त गाड्या आपल्याकडे उतरतात. गाडी ठाकठीक असते, कागद लंगडे. फॉर्म 28 ची एनओसी (ना-हरकत), मालकी बदलाचे फॉर्म 29 आणि 30, कर्ज असेल तर ते फिटल्याचा फॉर्म 35 आणि बँकेचं पत्र. हे हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. मध्य प्रदेशचा टॅक्स वेगळा भरावा लागतो, तो भावातून वजा करून बोला. इंजिन थंड असताना स्वतः सुरू करा. मालकाने आधीच तापवून ठेवलं असेल तर संशय घ्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, चिखलाचा डाग दिसला तर गाडी पाण्यात बुडालेली असू शकते.

जिवाजीगंज

आता स्वप्न. जुन्या गाड्यांत पद्मिनी की काँटेसा, हा आमच्या पिढीचा वाद. व्हिंटेज नोंदणीला गाडी 50 वर्षांची लागते: नवी नोंदणी 20 हजार, पुनर्नोंदणी 5 हजार, नंबरात "व्हीए" अक्षरं, आणि रोजच्या वापराला मनाई. पहिल्या पद्मिन्या त्यात बसू लागल्या आहेत. काँटेसा 1984 ची, तिला 2034 पर्यंत वाट पाहावी लागेल. तोवर नोंदणीचं साधं नूतनीकरण, आणि 20 वर्षांवरच्या कारला त्याची फी 10 हजार. इंजिनाची चिंता कमी करा, मिस्त्री अजून मिळतात. गंज बघा: दाराखालची पट्टी, पायाखालचा पत्रा, डिकीचा तळ. पत्रा मागच्या जोडांपर्यंत सडला असेल तर रंग कितीही चकाकत असो, ती गाडी नको. आणि काँटेसाची पुढची काच व तिचं रबर शाबूत असेल तर भावात थोडं वर जायला हरकत नाही, कारण ते सुटं मिळवताना दमछाक होते.