तत्त्वज्ञानात एमए: 'वाचायचंच तर घरी वाचा' म्हणणाऱ्यांसाठी

अनुमानखंड

काल 'बीएस्सीनंतर काय?' या धाग्यावर एका मुलीनं विचारलं होतं, फिजिक्स झालंय, तत्त्वज्ञानात एमए करावंसं वाटतंय, घरचे तयार नाहीत, काय करू? त्यावर कोडकरी यांनी लिहिलं: "तत्त्वज्ञान वाचायला विद्यापीठ कशाला लागतं? यूट्यूबवर सगळं आहे. एमए म्हणजे बापाच्या पैशानं दोन वर्षं झाडाखाली बसणं. नोकरी धरा, शनिवार-रविवार वाचा." खाली 'सहमत'ची रांग. तिथे उत्तर लिहायला बसलो ते आवरेना, म्हणून वेगळा धागा.

कोडकरीसाहेब, तुमच्या शनिवार-रविवारचीच गोष्ट घेऊ. 'आधार असलेली खरी समजूत म्हणजे ज्ञान' ही जुनी व्याख्या पुरत नाही, हे दाखवणारा एडमंड गेटियरचा १९६३ चा लेख जेमतेम तीन पानांचा आहे. घरी वाचला तर चहा निवायच्या आत संपतो. मी एमएला जाण्याआधी तसाच वाचला होता आणि 'हां, कळलं' म्हणून पुढे गेलो होतो. वर्गात तोच लेख आठवडेच्या आठवडे चालला. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, गेटियरची उदाहरणं वापरायची नाहीत, आपापली आणा. आमच्यातला एक जण एसटी स्टँडवरचं उदाहरण घेऊन आला. फळ्यावर लिहिलंय साडेसहाची गाडी, म्हणून मी म्हणतो साडेसहाला गाडी आहे. फळा जुना, ती फेरी कधीच बंद झालेली. पण त्या दिवशी दुसऱ्या डेपोची उशिरा आलेली गाडी नेमकी साडेसहाला लागली. माझं म्हणणं खरं ठरलं, त्याला आधारही होता. मग मला ते 'माहीत' होतं का? यावर तासभर भांडण.

पुढच्या तासाला सरांनी बाराव्या शतकातला संस्कृत तत्त्वज्ञ श्रीहर्ष काढला. डोंगरावर धुकं आहे, बघणाऱ्याला धूर वाटला, त्यानं अग्नीचं अनुमान केलं, आणि योगायोगानं तिथे अग्नी होताच. निष्कर्ष खरा, मग गडबड कुठे? गेटियरच्या आधी आठशे वर्षं! संस्कृतवाले उड्या मारायला लागले, तर सर म्हणाले, "उड्या नंतर. श्रीहर्षाला हे उदाहरण कशासाठी हवंय ते आधी सांगा. गेटियरला व्याख्या सुधारून हवी आहे. याला व्याख्या करण्याचा उद्योगच मोडायचाय." वर्ग चिडीचूप. माझं टिपण परत आलं तेव्हा प्रत्येक परिच्छेदाच्या समासात पेन्सिलनं 'कशावरून?' एवढंच लिहिलेलं. यूट्यूब मला 'कशावरून?' विचारत नाही. मी पॉझ करतो, मान डोलावतो, पुढचा व्हिडिओ लावतो.

कोडकरी

धाग्यात नावानिशी ओढल्याबद्दल आभारी आहे.

तीन पानांना कित्येक आठवडे! आमच्याकडे असं केलं तर क्लायंट दुसऱ्या दिवशी टाटा करेल. तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध केलात. आणि समासात 'कशावरून?' लिहायला माणूसच हवा असेल तर चार मित्र जमवा, वाचनगट काढा. फुकट होतो.

माझ्या मामेभावानं तत्त्वज्ञानात एमए केलं. हुशार, विद्यापीठात दुसरा वगैरे. आज विमा विकतो. चांगला विकतो, माझ्या गळ्यातही दोन पॉलिसी मारल्यात. पण त्यासाठी कांट लागला नसता.

अनुमानखंड

तुम्ही एवढे पटाईत, तरी दोन पॉलिसी गळ्यात घेतल्यात. कांट फुकट गेला असं वाटत नाही.

वाचनगटाचं म्हणाल तर काढून बघा. तिसऱ्या बैठकीला कोणाच्या तरी घरचं लग्न निघतं, पाचवीला राजकारण निघतं.

तासिकावाला

दोघांच्या खुसखुशीत गप्पा चालू द्या. मी त्या मुलीसाठी लिहितोय. ताई, करू नका.

एमए तत्त्वज्ञान, नेट (प्राध्यापक व्हायला लागणारी पात्रता परीक्षा), आता पीएचडी चालू. तासिका तत्त्वावर दोन कॉलेजांत शिकवतो. सकाळी एका गावात, दुपारी दुसऱ्या. जेवढे तास तेवढे पैसे, तेही सत्र संपल्यावर कधीतरी. दिवाळीची सुट्टी आली की पोटात गोळा येतो, आणि उन्हाळ्यात शून्य. अकरावी-बारावीला तर्कशास्त्र हा विषय आहे, तिकडे जावं म्हटलं तर बीएड लागतं, आणि बीएडला गेल्यावर विचारतात तुमचा शाळेतला विषय कोणता? शाळेत तत्त्वज्ञान आहे कुठे? कॉलेजात माणूस निवृत्त झाला की जागा भरत नाहीत. कार्यभार, म्हणजे शिकवायला पुरेसे तास, नाही म्हणतात. कार्यभार का नाही? मुलं नाहीत. मुलं का नाहीत? शिकवायला माणूस नाही. हा चक्रक दोष मी मुलांना दुसऱ्या सेमिस्टरला शिकवतो, उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही.

आणि ज्या वर्गाचं एवढं कौतुक चाललंय तो असतो कसा? मी ज्या विद्यापीठात शिकलो त्याचं नाव लिहीत नाही. प्रवेशाच्या यादीला दोन पानं, वर्गात पहिला बाकसुद्धा भरत नाही. बाकीचे कुठे? हॉस्टेलवर, अभ्यासिकेत, यूपीएससी-एमपीएससीची पुस्तकं घेऊन. एमएचा प्रवेश म्हणजे हॉस्टेलची खोली आणि ग्रंथालयाचं कार्ड. परीक्षेच्या आदल्या रात्री आमच्या दारात, "नोट्स दे ना भावा." नगरहून आलेला माझा मित्र, ज्याला खरोखर तत्त्वज्ञान शिकायचं होतं, तो खोली मिळाली नाही म्हणून पहिल्या सत्रातच परत गेला. त्याची खोली ज्यानं घेतली त्याचा चेहरा मी दोन वर्षांत वर्गात पाहिला नाही.

पेठेतला अभ्यासू

आलं! आता सगळं आमच्यावर.

सर, मी त्यातलाच. एमएला प्रवेश घेतला तेव्हा खोली हवी होतीच, लाजायचं काय? सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून बघा: एका खोलीत सहा जण, खिडकीपाशी जो असेल त्याला वारा. बाप शेती करतो. विद्यापीठाचं हॉस्टेल सोडलं तर गरीब पोरानं पुण्यात राहायचं कुठे, ते तुम्हीच सांगा.

दुसरं, यूपीएससीला माझा वैकल्पिक विषय तत्त्वज्ञानच. ५०० मार्क. पहिल्या पेपरात प्लेटो ते क्वाइन आणि चार्वाक ते अरविंद, दुसऱ्यात राज्य, समाज, धर्म. तुमच्या एमएवाल्यांतले किती जण आपल्याकडचं मीमांसा दर्शन आणि युरोपातला हुसर्ल दोन्ही करतात? निवडीचे पेपर घेऊन सोपं तेवढं उचलतात.

तासिकावाला

मीमांसा 'करतात' हा शब्दच पुरेसा आहे. तुम्ही मीमांसा करता, आम्ही वाचतो. दीडशे शब्दांत मीमांसक कुमारिल बसवला की तुमचं काम झालं. वर अनुमानखंड यांनी गेटियरचं लिहिलंय, त्यावर तुम्ही काय म्हणाल ते मला पाठ आहे.

पेठेतला अभ्यासू

काय म्हणणार? गेटियर अभ्यासक्रमात नाही.

तासिकावाला

😀 बघा.

अमळनेरी

पुणे, पुणे आणि पुणे. तत्त्वज्ञान म्हटलं की यांना सदाशिव पेठेच्या पुढे काही दिसत नाही. प्रताप शेठजींनी १९१६ मध्ये अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर काढलं तेव्हा पुण्याला विद्यापीठही नव्हतं, ते १९४९ चं. कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा तत्त्वज्ञ बंगालहून आमच्या गावात येऊन राहिला. तत्त्वज्ञ मलकानी तर आयुष्यभर राहिले. इथून निघणारं त्रैमासिक देशभरातले प्राध्यापक वाचत. साने गुरुजी अमळनेरला पहिल्यांदा आले ते शिक्षक म्हणून नव्हे, याच मंदिरात तत्त्वज्ञान शिकायला. नंतर प्रताप हायस्कूल.

कोडकरी

म्हणजे तत्त्वज्ञान शिकून शाळेत नोकरी, ही परंपरा शंभर वर्षांची आहे.

अमळनेरी

तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

नाशिककर

मूळ मुद्दा राहिला बाजूला, पण हॉस्टेलवरून आठवलं. मी बीए-एमए मराठीतून केलं. दे. द. वाडेकरांचा तत्त्वज्ञान महाकोश, ग. ना. जोशींचे पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाच्या इतिहासाचे तिन्ही खंड, दि. य. देशपांडे, मे. पुं. रेगे, सगळं मराठीत मिळालं, आणि कसलेलं मिळालं. मग नेटला बसलो. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदी. यूपीएससीला उत्तरं मराठीत लिहिता येतात, पण मराठीतून तत्त्वज्ञान शिकलेल्याला प्राध्यापक व्हायचं तर नेटला हिंदी वाचा! नेटमधून मिळणाऱ्या जेआरएफ या संशोधन शिष्यवृत्तीचे महिना ३७,००० कोणाला मिळणार, तर ज्याचं इंग्रजी बरं त्याला. यावर कोणी बोलत नाही. खोल्यांवर भांडा.

पेठेतला अभ्यासू

नाशिककर, मुद्दा मान्य. मी उत्तरं मराठीतूनच लिहितो आणि वाडेकरांच्या कोशावर माझा अर्धा पेपर उभा आहे.

पण तासिकावाल्यांना उत्तर देऊनच जातो. तुम्ही म्हणता मुलं नाहीत म्हणून कार्यभार नाही. मग यादीतली ती दोन पानं कोणाची? आमची. आमची नावं काढली तर विभागात उरतील सहा जण. सहा जणांसाठी शासन विभाग चालवेल? तुमचे तास आमच्या हजेरीपटावर चालतात, सर. आम्ही वर्गात येत नाही हे खरं, पण कागदावर आहोत म्हणून तुम्ही वर्गात आहात.

तासिकावाला

वा. म्हणजे माझी भाकरी तुमच्या गैरहजेरीवर. यूपीएससीच्या मुलाखतीत हे सांगा, नक्की निवड होईल.

पेठेतला अभ्यासू

दोनदा दारातून परत आलोय. टोमणा तिथे नका मारू.

तासिकावाला

…ते माहीत नव्हतं. टोमणा मागे घेतो, मुद्दा नाही.

आणि पटसंख्येचं म्हणाल तर, बरं, आहे तसं. आमच्या विभागप्रमुखांना हे इतकं पक्कं ठाऊक होतं की हजेरी कमी म्हणून त्यांनी कोणाचाच परीक्षेचा फॉर्म अडवला नाही. पण माझ्या नगरच्या मित्राला हे सांगायला जाऊ नका. खोली हवी तर सरकारनं स्पर्धा परीक्षावाल्यांसाठी वेगळी वसतिगृहं बांधावीत.

संपादक

वैयक्तिक उल्लेख टाळा. वसतिगृहांसाठी वेगळा धागा काढता येईल.

कोडकरी

पॉपकॉर्न संपलं. अनुमानखंड, एक गोष्ट मान्य: तुमच्या त्या धुक्याच्या उदाहरणावर काल ऑफिसात जेवताना भांडण लागलं. डॅशबोर्ड हिरवा दिसत होता, सर्व्हर चालूही होता, पण डॅशबोर्ड दोन तास जुनी माहिती दाखवत होता. मी म्हटलं, आपल्याला सर्व्हर चालू असल्याचं 'माहीत' नव्हतं. टीम लीड म्हणाला, चालू होता ना, मग झालं. मी अजून त्याच्याशी भांडतोय. याला दोन वर्षं आणि डिग्री लागली नाही हेही नोंदवून घ्या.

अनुमानखंड

नोंदवलं. त्याला विचारा, डॅशबोर्ड ताजा असता आणि योगायोगानं बरोबर असता तर? आणि उत्तर लिहून द्यायला सांगा. समासात पेन्सिल मी चालवतो.

बीएस्सीवाली

तो प्रश्न विचारणारी मीच. सगळे प्रतिसाद वाचले. मी वर्गात बसायलाच जाणार आहे, खोलीसाठी नाही. आत्याचं घर आहे तिथे. तासिकावाले सर, तुमचं पटतंय, म्हणून एकच विचारते: बीएस्सीवर आधी बीएड केलं आणि मग तत्त्वज्ञानात एमए, तर चालेल का?

तासिकावाला

तोच क्रम धरा. विज्ञान-गणितावर बीएड झालेल्या माणसाला शाळा परत पाठवत नाहीत. ते कागद हातात असू द्या आणि मग खुशाल श्रीहर्ष वाचा. प्रवेश घेण्याआधी विभागात जाऊन एकच चौकशी करा: कायम प्राध्यापक किती आणि माझ्यासारखे किती. आणि नोट्स कोणालाही देऊ नका.

पेठेतला अभ्यासू

शेवटचं वाक्य माझ्यासाठी होतं, कळलं. ताई, कुमारिलवरच्या तेवढ्या द्या.