चंद्रपूरचं ऊन ओळखता येतं, उणे तीसची थंडी कशी ओळखायची?

खाणसर्व्हेअर (चंद्रपूर)

मंडळी, नमस्कार. येत्या जानेवारीत मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं कॅनडात, एडमंटनला जातोय. तीन महिने मुक्काम आहे. कपड्यांची यादी मुलीनं पाठवलीय, ते विचारत नाही. प्रश्न वेगळा आहे, आणि तो नीट कळावा म्हणून आधी उन्हाचं सांगतो.

सव्वीस वर्षं खुल्या कोळसा खाणीत सर्व्हेचं काम करतोय. मे महिन्यात खाणीच्या तळाशी वारा म्हणून नसतो. पायाखाली काळा कोळसा, चारी बाजूंनी मातीचे बेंच म्हणजे उंच पायऱ्या, त्यात कुठेकुठे कोळसा आपोआप धुमसत असतो, त्याची आच वेगळीच. टोटल स्टेशनच्या, म्हणजे आमच्या मोजणीच्या दुर्बिणीच्या यंत्राच्या, तिवईला फडकं गुंडाळल्याशिवाय हात लावता येत नाही. घाम येतो पण दिसत नाही, तिथल्या तिथे उडून जातो. शर्टाच्या पाठीवर मिठाचे पांढरे डाग तेवढे उरतात. घरी आल्यावर टाकीचं पाणी बादलीत काढून तासभर ठेवायचं, मग आंघोळ. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ तापत्या दिवसांत, तर रात्री अकरालाही भिंतीला हात लावला की भाजतो. वेधशाळेचा आकडा सावलीतल्या हवेशीर पेटीतला असतो. खाणीत सावली नसते.

२०१९ चा मे संपत आला होता, पारा ४८ ला टेकला होता. आम्ही पहाटे साडेपाचला सुरुवात करून दहाला काम आटोपायचो. त्या दिवशी थोडंच राहिलंय म्हणून मी साडेअकरापर्यंत ओढलं. ती चूक माझी. प्रिझम (यंत्राचा किरण परत पाठवणारी काच लावलेली काठी) धरणारा माझा मदतनीस, बारा वर्षं सोबत असलेला, समोरच्या बेंचवर दोनेकशे मीटरवर होता. वॉकीटॉकीवर पॉइंट नंबर विचारला तर म्हणाला, "आलोच, बैल बांधून येतो." मला वाटलं, मीच चुकीचं ऐकलं. पुन्हा विचारलं तर खेकसला. हा माणूस बारा वर्षांत माझ्यावर एकदाही चिडला नव्हता. दुर्बिणीतून पाहिलं तर प्रिझमची काठी तिरपी, आणि तो भलतीकडेच तोंड करून उभा.

धावत गेलो. अंग भट्टीसारखं तापलेलं. नशिबानं धूळ बसवायला रस्त्यावर पाणी मारणारा टँकर जवळच होता. त्याच्या पाण्याखाली त्याला धरला, शर्ट काढला, नकाशाच्या कागदानं वारा घालत राहिलो आणि मग गाडीत घातला. डॉक्टर म्हणाले, आधी थंड केलं म्हणून वाचला. सहा दिवस दवाखान्यात होता.

तेव्हापासून मी एक गोष्ट धरून आहे. उन्हात माणूस पडायच्या आधी त्याचं बोलणं बिघडतं. ज्याला ऊन लागतं त्याला स्वतःला ते कळत नाही, म्हणून त्याला "बरं आहे ना?" विचारून उपयोग नाही, तो "हो"च म्हणतो. मी दर दहा मिनिटांनी विचारतो, "आज डब्यात काय?" उत्तर सरळ आलं तरच पुढचा पॉइंट.

आता प्रश्न. थंडीत ही खूण कोणती? आमची थंडी म्हणजे दोन आठवड्यांची. नागपुरात डिसेंबर २०१८ मध्ये पारा ३.५ पर्यंत उतरला होता, तेव्हा शेकोटीनं भागलं. पण आमच्या हिला पंधरा वर्षांपासून साखर आहे. पायांना मुंग्या येतात, चप्पल पायातून निसटली तरी कधीकधी कळत नाही. तिच्यासाठी विचारतोय.

माणदेशी_फौजी

साहेब, तुमचा प्रश्न लाखमोलाचा आहे. मी लडाखमधल्या द्रासला दोन हिवाळे काढलेत. उंची साधारण पावणेअकरा हजार फूट, झोजीला घाट बर्फानं बंद झाला की खालचा रस्ता तुटतो.

थंडी पहिल्यांदा दुखते. बोटांची पेरं, कानाच्या पाळ्या, नाकाचा शेंडा असे ठणकतात की डोळ्यांत पाणी येतं. ते दुखतंय तोवर ठीक. दुखायचं आपोआप थांबलं आणि माणूस म्हणाला "आता बरं वाटतंय", की तिथंच घाबरायचं. माझ्या करंगळीचं असंच झालं. पहाऱ्यावर अर्धा तास ठणकली, मग एकदम गप. मला वाटलं, सरावली. जोडीदारानं मोजा काढायला लावला तर बोट मेणबत्तीसारखं पांढरं आणि टणक. बोट वाचलं, पण त्या टोकाला अजून सुई टोचलेली कळत नाही.

म्हणून आमच्यात शिस्त होती, दोघांनी एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहायचं. आपल्या गालावरचा पांढरा डाग आपल्याला दिसत नाही, समोरच्याला दिसतो. चोळायचं अजिबात नाही, बर्फानं तर नाहीच. आत यायचं आणि कोमट पाण्यात धरायचं, कोपर बुडवून सोसेल इतपतच.

आणि तुमची बोलण्याची खूण थंडीतही तीच आहे. सगळं शरीरच गार पडायला लागलं की आधी हुडहुडी भरते, मग बटण लागत नाही, पाय अडखळतो, जीभ जड होते. असा माणूस "मला थोडं बसू द्या" म्हणतो. त्याला बसू द्यायचं नाही, आत आणायचं. हुडहुडी थांबली आणि अंग अजून गार असेल तर तो माणूस हातचा जायला लागलाय असं समजायचं. तुमचा डब्याचा प्रश्न तिकडंही चालेल.

प्रेअरीतली_मराठी

काका, मी एडमंटनलाच राहते, अकरा वर्षं झाली. आधी काकूंच्या पायांचं बोलते.

फौजी काकांनी दुखण्याची खूण सांगितली, पण काकूंना ती मिळणारच नाही. त्यांच्या पायांना डोळेच उपयोगी. बाहेरून आलात की दरवेळी बूट-मोजे काढून दोन्ही पाय उजेडात बघायचे, बोटांच्या मधेसुद्धा. मोजे ओले लागले तर लगेच बदलायचे. बूट एक माप मोठा घ्या, दोन मोजे कोंबून घट्ट झालेला बूट जास्त वाईट, रक्तच फिरत नाही. आणि पाय हीटरपाशी किंवा गरम पाण्याच्या पिशवीवर ठेवू देऊ नका. भाजलं तरी त्यांना कळणार नाही. माझ्या सासूबाईंच्या टाचेला असाच फोड आला होता, दोन महिने चिघळत होता.

बाहेर पडण्याआधी तापमानाच्या शेजारचा वाऱ्याचा आकडा बघा, इथे विंड चिल म्हणतात. तो उणे २८ च्या खाली गेला की उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते, उणे ४० च्या खाली पाच ते दहा मिनिटांत. बोटांचे हातमोजे नकोत, चार बोटं एकत्र राहतील असे मिटन घ्या. सुती बनियन आणि जीन्स घरातच ठेवा, सुताला घाम धरला की तो अंगावरच गार होतो.

पहिल्या दिवशी दार उघडून श्वास घ्याल तेव्हा नाकातले केस चटकन ताठ होतील. त्याला भिऊ नका, तो उणे वीसच्या आसपासचा नमस्कार आहे. पायाखाली बर्फ थर्माकोल चोळल्यासारखा करकरतो. गाड्यांच्या पुढून वायरीचा प्लग लोंबताना दिसेल, इंजिन रात्रभर उबदार ठेवायला तो घराच्या विजेला लावतात.

जानेवारी २०२४ मध्ये इथे पारा उणे चाळीसच्याही खाली गेला होता. १३ तारखेच्या संध्याकाळी अख्ख्या अल्बर्टा प्रांतातले फोन एकदम कर्कश वाजले. वीज अपुरी पडतेय, लागत नसेल ते सगळं बंद करा, असा सरकारी निरोप होता. आम्ही एका दिव्यावर बसलो. माझा मुलगा सहा वर्षांचा, त्यानं विचारलं, "वीज गेली तर आपण गोठणार का?" मी नाही म्हणाले, आणि उठून सगळी पांघरुणं एका खोलीत आणून टाकली. जळगावला लहानपणी वीज गेली की आम्ही गच्चीवर झोपायचो. इथे जायला गच्ची नाही, हे त्या रात्री पहिल्यांदा उमजलं.

आणखी एक, फार महत्त्वाचं. बाळंतपणाला येताय म्हणजे शेकशेगडी आणि धुरी मनात असणार. कोळशाचे निखारे घरात कृपा करून पेटवू नका. इथली घरं हिवाळ्यात बंद डब्यासारखी असतात, निखाऱ्यांचा विषारी वायू आतच साठतो.

माणदेशी_फौजी

ताईंच्या शेवटच्या ओळीखाली माझी सही. आमच्या खोलीत रॉकेलची बुखारी, म्हणजे खोली गरम ठेवायची शेगडी, होती. एका रात्री वारा शिरतो म्हणून कुणीतरी झरोक्यात पोतं कोंबलं. वास नाही, धूर नाही. एक जण लघवीला उठला आणि दारातच कोसळला, त्या आवाजानं आम्ही जागे झालो. सगळ्यांची डोकी फुटायला आलेली, दोघांना उलट्या. तो उठला नसता तर सकाळी आम्हाला कुणी उठवलं नसतं.

रत्नागिरीकर_८१

कोकणाचंही उन्हाच्या धाग्यात नोंदवतो. आमच्याकडे पारा ३७ ला गेला आणि सरासरीहून साडेचार अंश चढला की हवामान खातं उष्णतेची लाट म्हणतं, तुमच्याकडे सपाटीवर ४० पासून विचार सुरू होतो. ३७ आकडा ऐकून विदर्भातले पाहुणे भरदुपारी आंब्याच्या बागेत हिंडतात. इथे घाम उडत नाही, नुसता वाहतो, आणि अंग गार होत नाही. गेल्या वर्षी मेहुण्याला असंच सलाईन लावावं लागलं.

खाणसर्व्हेअर (चंद्रपूर)

सगळ्यांचे मनापासून आभार. हे सगळं हिला वाचून दाखवलं. बुखारीचं ऐकून ती उठली आणि बॅगेत कपड्यांत गुंडाळून ठेवलेली मातीची शेगडी बाहेर काढली. मला ठाऊकच नव्हतं की ती नेतेय. ओवा आणि बाळंतशेपांची पुरचुंडी राहू दिली आहे, लेकीला त्याचं पाणी उकळून देऊ. शेक रबरी पिशवीनं, तोही लेकीच्या कंबरेला. हिच्या पायाला नाही.

पाय बघायचं आजपासूनच सुरू केलं. डाव्या पायाच्या करंगळीखाली एक चीर निघाली, चांगली बोटाच्या पेराएवढी. कधीपासून आहे ते तिलाही सांगता येईना. उद्या सकाळी डॉक्टरांकडे नेतो.

प्रेअरीतल्या ताई, तुम्हाला एकच विचारायचं राहिलं. असे मोठे, रुंद बूट तिथे उतरल्यावर घेतलेले बरे, की विमानतळाच्या दारातून गाडीपर्यंत जायलाही ते पायात हवेत?