तूरिनचा घात कोणी केला: शापाने की अहंकाराने?

चर्चाप्रस्ताव
टोल्किन यांच्या 'द चिल्ड्रन ऑफ हूरिन' (२००७) या कादंबरीत दुष्ट शक्तींचा अधिपती मॉर्गॉथ आपला कैदी हूरिन याच्या मुलाबाळांना शाप देतो आणि त्यांची वाताहत पाहण्यासाठी हूरिनला डोंगरावरच्या दगडी आसनावर जखडून ठेवतो. तरीही हूरिनचा मुलगा तूरिन स्वतःच्या अहंकाराने बुडाला, असे माझे मत आहे. तूरिनने पाठलाग केल्यामुळे दरबारी साएरोसचा मृत्यू झाला, तरी त्याला आश्रय देणाऱ्या राजा थिंगोलने त्याला क्षमा केली होती आणि जिवलग मित्र बेलेग तो निरोप घेऊन रानोमाळ त्याला शोधत आला होता; तरी तो परतला नाही. परतला असता, तर पुढे आई आणि बहीण त्याच राज्यात आश्रयाला आल्या, तेव्हा त्यांची गाठ पडली असती. पुढे तो राहिला त्या नार्गोथ्रॉन्ड या गुप्त नगराचा पूल पाडा, हा इशाराही त्याने धुडकावला आणि महासर्प ग्लाउरुंग त्याच पुलावरून आत शिरला. याला प्राक्तन कसे म्हणायचे?

प्रतिसाद १
मी असहमत आहे. बाप शत्रूच्या कैदेत, आई गरोदर, आणि आठ वर्षांच्या तूरिनला दोन म्हाताऱ्या सेवकांबरोबर परक्या राज्यात धाडले जाते. चढावरून मागे वळून तो आईला हाक मारतो आणि उंबऱ्यात उभी असलेली मॉर्वेन दाराची चौकट इतकी घट्ट धरते, की तिची बोटे सोलवटतात. तो प्रसंग मला आजही सलग वाचवत नाही. त्या पोराच्या हाती कोणता पर्याय होता? पुढेही आई आणि बहीण हाल भोगत आहेत, असे ग्लाउरुंगने खोटेच सांगितले, म्हणून तो त्याच्यावर प्रेम करणाऱ्या, शत्रूच्या हाती सापडलेल्या नार्गोथ्रॉन्डच्या राजकन्या फिंडुइलासला सोडून त्यांच्याकडे धावला. निर्णय त्याचा होता, पण ज्यावर तो घेतला ती माहिती शत्रूची होती. बहीण निएनोर तर तो गेल्यावर जन्मली. सर्पाने तिची स्मृतीच पुसली आणि तूरिनने नकळत तिच्याशीच लग्न केले. माणसे एकमेकांपासून तोडली, की शापाला आणखी काय हवे?

चर्चाप्रस्तावक
निएनोरबाबत तुमचे म्हणणे मान्य. पण उद्योगपर्वात श्रीकृष्णाने जन्मरहस्य सांगूनही कर्ण दुर्योधनाला सोडत नाही. ताटातूट त्याच्याही वाट्याला आली होती, तरी निवड त्याचीच होती.

प्रतिसाद १
कर्णाला ते युद्धाआधी कळले, वाट मोकळी असताना. तूरिन ज्या वनवासी लोकांत राहत होता त्यांचा प्रमुख ब्रांदिर याने, बायको ही त्याची बहीणच आहे, हे सत्य तूरिनला सांगितले, तेव्हा निएनोरने नदीत उडी घेतलेली होती. त्यावर विश्वास न ठेवता त्याने त्या निःशस्त्र, पायाने अधू माणसाला ठार केले. ते मात्र मी शापाच्या खात्यात घालणार नाही.