मदत हवी आहे: भूचुंबकीय वादळाचे दोन परिणाम वेगळे कसे करायचे?

नमस्कार मंडळी. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मे 2024 चं भूचुंबकीय वादळ (सूर्याकडून आलेल्या झोतांमुळे पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रात उठलेली खळबळ) घेतलंय. (त्या रात्री लडाखच्या आकाशात लाल प्रकाश दिसला होता, तेच.) अडकलेय ती विषुववृत्ताजवळच्या आयनांबरापाशी (वातावरणाचा वरचा, विद्युतभारित थर).

एरवी दिवसा तिथलं पूर्वेकडचं विद्युतक्षेत्र प्लाझ्मा (आयन आणि इलेक्ट्रॉनांचा वायू) वर उचलतं, मग तो चुंबकीय रेषांवरून दोन्ही बाजूंना घरंगळतो. म्हणून इलेक्ट्रॉनांच्या घनतेत विषुववृत्तावर खळगा आणि साधारण 15 चुंबकीय अंशांवर उंचवटे. आपल्याकडचा उंचवटा अहमदाबादच्या आसपास. इथवर ठीक.

वादळात मात्र ध्रुवांकडचं विद्युतक्षेत्र थेट विषुववृत्तापर्यंत घुसतं आणि दिवसा हा उपसा वाढवतं. काही तासांनी ध्रुवांकडची तापलेली हवा वारे फिरवते आणि नेमकं उलट क्षेत्र तयार होतं. दोन्ही एकमेकांवर चढले की ओळखायचं कसं?

तिरुनेलवेली (चुंबकीय विषुववृत्ताजवळ) आणि अलिबाग (त्यापासून दूर) इथे मोजलेल्या पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या आडव्या घटकांची वजाबाकी करून विषुववृत्तीय विद्युतझोत (आयनांबरात दिवसा विषुववृत्तावरून वाहणारा विद्युतप्रवाह) काढतेय. 11 मे च्या दुपारी हा फरक ऋण आला, तर दोष वाऱ्यांना द्यायचा की सौरवाऱ्याचं (सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या झोताचं) चुंबकक्षेत्र अचानक उत्तरेकडे वळल्याला? कारण त्यानेही दिवसा उलट क्षेत्र येतं. शिवाय वादळ आपल्याकडे 10 मे ला रात्री साडेदहाच्या सुमारास सुरू झालं. रात्री हा झोत जवळपास नसतोच, म्हणजे त्या तासांसाठी वजाबाकी निरुपयोगी. मग जीपीएसवरून काढलेली (संकेताच्या वाटेतली एकूण) इलेक्ट्रॉनसंख्या वापरू का? कुणी हे काम केलं असेल तर कृपया सांगा, सर सुट्टीवर आहेत.